शिकारी ढेकणांची नोंद : दुसरी पिढी अंड्यांतून बाहेर

एरंडाच्या पानामागे सापडलेला, पिकावरच्या अळ्या मारणाऱ्या शिकारी ढेकणाच्या अंड्यांचा पुंजका बरणीत ठेवलाय, एवढंच मागच्या नोंदीत लिहिलं होतं. त्यातली पिल्लं वाढली, त्यांच्यात जोड्या जमल्या आणि आता त्यांचीच पिल्लं बाहेर आली आहेत. सगळं चक्र घरात, डोळ्यांसमोर पार पडलं याचा फार आनंद आहे.

प्रजाती नक्की झाली : इओकँथेकोना फर्सेलाटा. प्रौढाच्या दोन्ही खांद्यांवर टोकदार काटे, पाठीवरच्या त्रिकोणी ढालीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत एकेक पिवळट ठिपका. मादी दीड सेंटिमीटरच्या आसपास, नर जरा लहान. पण शेतात उभ्या उभ्या ओळखायचं तर काटे बघू नका, सोंड बघा. रस शोषणाऱ्या हिरव्या ढेकणाची सोंड बारीक असते आणि डोक्याखाली चिकटून राहते. शिकाऱ्याची सोंड जाड, तिचा पहिला सांधा सुटा, त्यामुळे ती सरळ पुढे रोखता येते. भिंगाखाली उलटा धरला की हा फरक लगेच दिसतो. शेजारच्या आप्पांना तसाच दाखवला. आधी म्हणत होते, "ताई, चिरडा ते ढेकूण, तुरीच्या शेंगा पोचट करतात." सोंड बघितल्यावर स्वतः फवारणीच्या आधी बांधावरचा एरंड बघून आले. माझ्या दृष्टीने या हंगामातली सगळ्यात मोठी प्रगती हीच.

आता शिकार. सोयाबीनवर आणि एरंडावर येणारी पानं खाणारी अळी, स्पोडोप्टेरा लिट्युरा, हे यांचं आवडीचं खाद्य. ढेकूण अळीवर झडप घालत नाही. मिशा हलवत हळूहळू जवळ येतो, सोंड समोर रोखतो आणि अंगाच्या मऊ भागात टोचतो. अळी पिळवटते, ढेकणाला पानावरून फरफटत नेते, तरी सोंड सुटत नाही. आतल्या सुईसारख्या अवयवांना मागे वळलेले बारीक दाते असतात, ते रुतून बसतात. थोड्या वेळाने अळी ढिली पडते. लाळेने तिच्या शरीराच्या आतच पचन सुरू होतं आणि तयार झालेला रस ढेकूण शोषून घेतो. शेवटी रिकामं कातडं सोंडेच्या टोकाला लोंबत राहतं, आणि तसंच घेऊन तो फिरतो. दुसऱ्या अवस्थेतली, म्हणजे एकदा कात टाकलेली पिल्लं आपल्या कितीतरी पट मोठ्या अळीला चार-पाच जण मिळून टोचतात, हे बघताना तर मी चहा गार करून घेतला.

अळी कुठे आहे हे त्याला कळतं कसं, याचा शोध जपानमध्ये लागला आहे. अळीने पान खाल्लं की हरितद्रव्यापासून फायटॉल नावाचा पदार्थ तयार होतो आणि त्याचा माग ढेकूण काढतो. म्हणजे पीक खाण्यातूनच अळी आपला पत्ता देऊन बसते!

पाळणाऱ्यांसाठी कामाचं : पहिल्या अवस्थेतली पिल्लं शिकार करत नाहीत. अंड्यांच्या टरफलांभोवती घोळका करून बसतात. पाणी आणि पानाचा थोडा रस एवढंच त्यांना लागतं. बरणीच्या तोंडाला मलमल, आत ओल्या कापसाचा बोळा आणि एक ताजं पान पुरतं. पाणी उघडं ठेवू नका, इवली पिल्लं त्यात बुडतात. पहिली कात टाकली की मात्र अळी तयार हवी. उपाशी राहिली की ती एकमेकांनाच टोचतात, आणि नुकती कात टाकलेलं, मऊ लालसर अंगाचं पिल्लू पहिलं बळी पडतं. म्हणून घडी घातलेल्या कागदाच्या पट्ट्या आत ठेवते. आडोसा मिळाला की मारामारी बरीच कमी होते. शेतातून अळ्या मिळेनाशा झाल्या तर ज्वारीच्या भरड्यावर वाढवलेल्या कोर्सायरा पतंगाच्या अळ्या चालतात. एकूण पाच अवस्था. चौथीपासून पंखांचे कोंब स्पष्ट दिसू लागतात.

पाचव्या अवस्थेतली काही पिल्लं संध्याकाळी सोयाबीनच्या कडेला सोडली. त्यांना पंख नसतात, त्यामुळे ती लगेच पांगत नाहीत. प्रौढ सोडले तर उडून जातात. त्या ओळीत सुकलेली, लोंबणारी अळ्यांची कातडी दिसली. पण नुसत्या नजरेच्या अंदाजावर पीक वाचलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या वेळी बाजूची एक ओळ तशीच ठेवून दोन्हींची तुलना करायची आहे.

याला सगळीकडे सोडा असा सल्ला मात्र मी कधीच देणार नाही. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते, तिथे याचा उपयोग नाही. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी, जी भारतात 2018 साली आली, तिला हा खातो अशा नोंदी आहेत, पण पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांत, खोल शिरलेल्या अळीपर्यंत पोचणं अवघडच. आणि पूर्व विदर्भात, गडचिरोली-भंडाऱ्याकडे, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे वाढवतात तिथे हाच ढेकूण शत्रू आहे. टसरची अळीही त्याच्या लेखी अळीच. आरमोरीकडच्या एका स्नेह्यांनी सांगितलं की कोवळ्या अळ्यांच्या काळात झाडं रोज फिरून बघावी लागतात आणि ढेकूण हाताने वेचून काढावे लागतात. त्यांच्या वर्षाची कमाई त्या झाडांवर असते. तेव्हा त्या भागातल्या मित्रांनो, बाहेरून आणून सोडण्याचा मोह पूर्ण टाळा.

अमेरिकेत याचा चुलतभाऊ पोडिसस मॅक्युलिव्हेंट्रिस पेटीत भरून विकत मिळतो. आपल्याकडचा हा ढेकूण बांधावर फुकट हजर आहे. त्याला फवारणीतून वाचवलं तरी पुष्कळ काम होईल.

सध्या बरणीत नवी पिल्लं टरफलांभोवती बसली आहेत. यावेळी निम्म्यांना लिट्युरा आणि निम्म्यांना कोर्सायरा देऊन कोणती लवकर वाढतात ते बघते आहे. तुमच्याकडे अँड्रॅलस स्पिनिडेन्स हा दुसरा शिकारी ढेकूण भातात दिसला तर सोंडेचा आणि खांद्यांचा असे दोन फोटो जरूर पाठवा. कोकणातल्या नोंदी मला हव्या आहेत.