तोंडाचा वास आणि श्वासाचा वास

गेल्या वर्षी माझ्यावर वजन कमी करण्याची ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ ही शस्त्रक्रिया झाली. तीत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यांवर वाट्या रिचवणाऱ्या माझ्यासारख्याला चार चमचे वरणाचे पाणी पुरू लागले. त्याची मनाची तयारी होती. तोंडाला येऊ लागलेल्या वासाची मात्र नव्हती.

कोल्हापूरकर तोंडावर बोलतात असा आमचा लौकिक आहे, पण या बाबतीत सारेच एकाएकी सभ्य झाले. रंकाळ्यावर सकाळी सोबत फिरणारा मित्र हळूच दोन पावले पुढे चालू लागला, आणि वर्गात वही दाखवायला आलेली मुले ती टेबलावर ठेवून मागे सरकू लागली. मी दिवसातून चार वेळा दात घासू लागलो, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासले, लवंग आणि वेलदोडा खिशात बाळगला. तासाभरात वास पुन्हा हजर. शेवटी माझी दहावीतली पुतणी म्हणाली, ‘‘काका, तुमच्या तोंडाला नेलपॉलिश काढायच्या औषधाचा वास येतोय.’’

तिचे निदान अचूक होते. आहार एकदम घटला की शरीर साठलेली चरबी जाळू लागते आणि यकृतात कीटोन तयार होतात. त्यांपैकी अ‍ॅसिटोन हा उडून जाणारा पदार्थ असल्याने तो रक्तातून फुप्फुसांत आणि तिथून श्वासावाटे बाहेर पडतो. नेलपॉलिश काढायच्या औषधातही बहुधा तोच असतो. जो वास फुप्फुसांतून येतो, त्याला दात घासून काय होणार? वजन झपाट्याने उतरते तोवर तो राहतो आणि आहार वाढत गेला की ओसरतो, हे आहारतज्ज्ञ बाईंनी समजावले तेव्हा माझी निम्मी लाज गेली.

उरलेला निम्मा वास मात्र खरोखर तोंडाचाच होता. शस्त्रक्रियेनंतर घटाघटा पाणी पिता येत नाही आणि जेवताना व त्यानंतर अर्धा तास तर पिऊच नये असे सांगतात, त्यामुळे पाणी कमी पडते, लाळ आटते, आणि जिभेच्या मागच्या भागावरच्या जिवाणूंना रान मोकळे मिळते. ते प्रथिनांचे विघटन करून गंधकयुक्त वायू सोडतात, त्याची घाण निराळी, सडक्या अंड्यासारखी असते. त्यावर उपाय साधे निघाले: शाळेच्या टेबलावर बाटली ठेवून दर तासिकेत चार-पाच घोट, सकाळ-संध्याकाळ जीभ खरवडणे, आणि अल्कोहोल असलेला माउथवॉश बंद, कारण त्याने तोंड आणखी कोरडे पडते. प्रथिनांसाठी घेतलेल्या दुधाचा थर जिभेवर राहतो, हेही उशिरा कळले. आता गंगावेशीत दूध पिऊन झाले की मी तिथेच चूळ भरतो, लोक बघतात.

घाईने खाल्ले की सुरुवातीला उलटी होई आणि मी लगेच ब्रश घेई. ती चूक होती, कारण आम्लाने मऊ झालेला दातांवरचा थर त्याने झिजतो. आधी नुसत्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रश अर्ध्या तासाने करावा.

मधुमेह असणाऱ्यांनी मात्र माझ्यासारखे बडीशेप चघळत बसू नये. श्वासाला असा फळासारखा गोडसर वास, त्यासोबत सतत उलट्या, धाप किंवा ग्लानी असेल, तर ते कीटोन धोकादायक पातळीला गेल्याचे लक्षण असू शकते आणि वेळ न घालवता ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते.

माझा अ‍ॅसिटोनचा वास काही महिन्यांनी गेला. त्यानंतर रात्री आंबट ढेकर येऊ लागले. या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना आम्लपित्ताचा त्रास होतो आणि त्यानेही तोंडाला वास येतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मी रात्रीचे जेवण साडेसातला आणले. पुतणीची तपासणी अजून चालूच आहे. काल तिने फक्त लवंगेचा वास येतो असे सांगितले.