दहा नंबरचे दोन दावेदार

मंडळी, लाइट जाऊन आली की घरातलं अर्धं इंटरनेट बंद पाडणारा गुन्हेगार सापडला एकदाचा! मागच्या नोंदीत पाय-होल (घरभराच्या जाहिराती अडवणारा डीएनएस सर्व्हर) काढून टाकायची भाषा केली होती, ती मागे घेतो. पाय-होल निर्दोष, तो ज्या छोट्या संगणकावर चालतो तो रास्पबेरी पाय निर्दोष, आणि ज्याच्या नावाने घरात सगळे बोटं मोडत होते तो फायबरवालासुद्धा या वेळेपुरता निर्दोष.

मांडणी जुन्यांना पाठ आहे, तरी एका दमात सांगतो. इंदिरानगरातलं दुमजली घर, खाली काका-काकू, वर आम्ही, रूटर जिन्यात. पाय १९२.१६८.१.१० वर, रूटरचा डीएचसीपी पूल, म्हणजे तो आपोआप वाटतो ते पत्ते, .१०० ते .१९९. म्हणजे .१० हा पत्ता रूटर कोणाला वाटण्याचा प्रश्नच नाही. सगळ्यांना डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारा) म्हणून एवढा एकच पत्ता जातो. दुसरा मी मुद्दाम देत नाही. ‘सेकंडरी’ म्हटलं तरी फोन आणि टीव्ही त्याला पर्यायी मानत नाहीत, मनाला येईल तेव्हा त्याच्याकडे जातात आणि जाहिराती मागच्या दाराने आत येतात.

लक्षण असं. लाइट जायची, दहा मिनिटांनी यायची, आणि त्यानंतर घरातलं अर्धं इंटरनेट बंद. अर्धं! टीव्ही बंद, माझा लॅपटॉप बंद, पण बायकोचा फोन झकास चालू. थोड्या वेळाने बाहेरून आलेल्या कोणाचा फोन लगेच चालायचा, आणि घरात बसून राहिलेल्याचा अडकलेलाच. आयपीने पिंग केलं की बाहेरचं जग दिसतंय, नावाने काही उघडत नाही.

पहिला संशय अर्थातच फायबरवर. सिंहस्थाच्या कामांसाठी अर्धं नाशिक खणून ठेवलंय, त्यामुळे नेट गेलं की ‘केबल तुटली असेल’ हे आता आपल्याकडे हवामानाच्या अंदाजासारखं बोललं जातं. पण ओएनटीवरचा, म्हणजे फायबरच्या डब्यावरचा, दिवा हिरवा. मग पाय-होलच्या व्ही-सिक्सवर संशय. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाय-होलची ती मोठी आवृत्ती आली तेव्हा अनेकांची जुनी सेटिंग्ज इकडची तिकडे झाली होती. मग एसडी कार्ड. मग पोर्ट ५३ वर, म्हणजे डीएनएसच्या खिडकीवर, दुसरा कोणी बसलाय का. सगळं तपासलं, सगळं ठीक. पायवर थेट कीबोर्ड-मॉनिटर लावून स्वतःलाच प्रश्न विचारला तर फटाफट उत्तरं देतोय. आणि तरी टीव्ही म्हणतो नेट नाही.

धागा हाती लागला तो डिगच्या, म्हणजे डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडच्या, उत्तरात. बंद पडलेल्या लॅपटॉपवरून .१० ला विचारलं तर टाइमआउट नाही, तर ताबडतोब ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. हा फरक फार मोलाचा आहे. टाइमआउट म्हणजे पलीकडे कोणी बोलतच नाही. रिफ्यूज्ड म्हणजे त्या पत्त्यावर कोणीतरी जागा आहे आणि सांगतोय की ५३ वर माझ्याकडे काही दुकान नाही. पण पायवर तर दुकान उघडं होतं! म्हणून ब्राउझरमध्ये .१० टाइप केलं. पाय-होलच्या डॅशबोर्डऐवजी एक निळसर लॉगिन पान आलं, वर ‘वेब क्लायंट’, आणि खाली इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडून प्लगिन टाकण्याची विनंती. एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला, हे त्या पानाला कोणी कळवलेलं नाही.

मग आर्पिंग, म्हणजे ‘हा आयपी कोणाचा?’ असं नेटवर्कवर विचारणारी कमांड. इथे एक बारकावा, कारण बहुतेक ट्यूटोरियलमध्ये तो नसतो. लिनक्सचं नेहमीचं आर्पिंग पहिला प्रश्न सगळ्यांना विचारतं, पण एकदा उत्तर मिळालं की पुढे फक्त त्यालाच विचारत राहतं. डॅश बी दिलं तरच दरवेळी हाकाटी होते. ते दिलं आणि स्क्रीनवर दोन उत्तरं एकाआड एक यायला लागली: एक मॅक (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) बी८:२७:ईबीवाला, म्हणजे आपला पाय, आणि दुसरं अनोळखी. अनोळखी मॅकचे पहिले तीन बाइट आयईईई या मानक संस्थेच्या यादीत शोधले तर निघाली सीसीटीव्ही बनवणारी कंपनी. त्या पत्त्यावर पोर्ट ५५४ उघडं, म्हणजे आरटीएसपी, कॅमेऱ्याचं चित्र पाठवायची पद्धत. खाली काकांकडे कॅमेरे बसले आहेत ना!

वर्गात दोन पाटील असले आणि सरांनी नुसतं ‘पाटील’ म्हटलं की दोघंही ‘हजर’ म्हणतात, आणि ज्याचा आवाज सरांच्या कानी पडला त्याच्या नावावर हजेरी लागते. आयपीवरून मॅक शोधणारं एआरपी तसंच आहे. प्रत्येक फोन, प्रत्येक टीव्ही स्वतंत्र सर, आणि प्रत्येकाच्या वहीत वेगळा पाटील. म्हणून अर्धं घर चालू, अर्धं बंद.

पण लाइट गेल्यावरच का? हे कोडं मला जास्त छळत होतं. रूटर आणि पाय मिनी-यूपीएसवर आहेत, ते बंद पडतच नाहीत. दुसरा पाटील, म्हणजे काकांच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर, साध्या प्लगवर, तो दरवेळी नव्याने उठतो. उठला की ‘.१० म्हणजे मी’ अशी आपणहून दवंडी पिटतो, ग्रॅच्युइटस एआरपी. ती ऐकून ज्यांच्या वहीत पाय होता तेही नाव बदलून टाकतात. आणि नंतर ती नोंद जुनी झाली की लिनक्स-अँड्रॉइडवाली उपकरणं आधी त्याच मॅकला एकट्याला विचारतात, ‘अजून तूच ना?’ डीव्हीआर म्हणतो, मीच. म्हणून ते अडकून राहतात. बाहेर जाऊन आलेला फोन वाय-फायला नव्याने जोडतो, नव्याने सगळ्यांना विचारतो, आणि नशीब असेल तर त्याला पाय मिळतो. हे जुळलं तेव्हा रात्री एकटाच हसलो.

बायकोच्या फोनचं रहस्य मात्र वेगळं निघालं. रूटर आयपीव्ही६ वर स्वतःचाच डीएनएस जाहीर करत होता आणि तिचा फोन तोच वापरत होता. म्हणजे तो पाय-होलला वळसा घालूनच जात होता! ‘माझ्याकडे जाहिराती येतात’ ही तिची जुनी तक्रार खरी होती, हे तिला सांगून झालंय. आता रूटरच्या आयपीव्ही६ भागात डीएनएस म्हणून पायचा एफई-एट्टीवाला (घरच्या नेटवर्कपुरता) पत्ता टाकलाय.

आता डीव्हीआर. कॅमेरे बसवणाऱ्या प्रत्येक टेक्निशियनचा एक लाडका आकडा असतो, तो सगळीकडे तोच टाकतो. हा दहावाला. फोन केला तर उचलेना. पासवर्ड त्याच्याचकडे. शेवटी डीव्हीआरला काकांचा टीव्ही आणि माउस जोडला, तर पॅटर्न मागितला.

“काका, पॅटर्न काय आहे?”

“अरे, तो टेक्निशियन म्हणाला होता कोणाला सांगू नका.”

काकूंनी माउस घेतला आणि एका झटक्यात काढून दाखवला. कॅमेऱ्यात भाजीवाला आला का ते त्या रोज बघतात. आत नेटवर्क, टीसीपी-आयपी, स्टॅटिकवरून डीएचसीपी, सेव्ह. एवढंच काम. मोबाइल ॲप क्यूआर स्कॅन करून क्लाउडमार्फत चालतं, त्यामुळे डीव्हीआरला ठरावीक पत्त्याची गरज मुळात नव्हतीच. रूटरमध्ये त्याच्या मॅकला .२० राखून दिला.

आणि मजा पाहा. उत्सुकता म्हणून डीव्हीआरचा लॉग उघडला, तर त्यात ‘आयपी कॉन्फ्लिक्ट’ अशा नोंदींची रांगच लागलेली. बिचारा केव्हापासून सांगत होता! अशा वेळी बझर वाजवायची सोय त्याच्या मेनूत आहे, ती बंद ठेवलेली. आयपीव्ही४ पत्ता घेण्याआधी तो दुसऱ्या कोणाकडे आहे का हे कसं तपासावं, ते २००८ च्या आरएफसी ५२२७ मध्ये, म्हणजे इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात, लिहिलेलं आहे. लिनक्स कर्नल ही चौकशी आपणहून करत नाही, त्यामुळे पाय मात्र शेवटपर्यंत बेखबर.

जे माझ्यासारखे पायला हाताने पत्ता देतात त्यांच्यासाठी: रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून पत्ते सांभाळणारं डीएचसीपीसीडी गेलं आणि नेटवर्कमॅनेजर आलं. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ अजून त्या जुन्या फाइलमध्येच लिहायला लावतात, काही होत नाही. एनएमसीएलआय ही नेटवर्कमॅनेजरची कमांड वापरा.

मिनी-यूपीएसबद्दल काहींनी विचारलं होतं. एमजी रोडवरून घ्या. दुकानात रूटरचा ॲडॅप्टर नेऊन पिन लावून बघता येते, ऑनलाइनमध्ये चुकीची पिन आली की परतीचा खेळ सुरू. फक्त पाय ३ साठी ५ व्होल्टचं आउटपुट २.५ अँपिअरचं मागा. दुकानदार “सगळं चालतं” म्हणेल, तुम्ही लेबल वाचा.

पुढची पायरी म्हणून पायवर आर्पवॉच टाकलंय. एकाच आयपीवर दोन मॅक आलटून पालटून दिसले की ते ‘फ्लिप फ्लॉप’ म्हणून मेल करतं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतलं जुनं हत्यार, अजून धारदार. मुद्दाम जुन्या फोनला .१० देऊन पाहिलं, मेल आला. समाधान!

खरं तर इथेच थांबणार होतो, पण हे लिहिता लिहिता सासरचं आठवलं. नाशिकरोडला त्यांच्याकडेही १९२.१६८.१.x च आहे, आणि पुढच्या महिन्यात दोन्ही घरं वायरगार्ड या व्हीपीएनने जोडायची आहेत. दोन्हीकडे तीच रेंज असली तर .१० म्हणजे इकडचा की तिकडचा हे रूटिंगला कसं कळणार? म्हणजे हेच भांडण, आता दोन घरांत. शिवाय नवा टेक्निशियन आला की लाडका आकडा परत येणारच. तेव्हा आमचं घर १९२.१६८.७३.x वर हलवायचं ठरतंय. नावांसाठी होम.अर्पा, ते २०१८ च्या आरएफसी ८३७५ ने घरगुती वापरासाठीच राखून ठेवलंय. डॉट लोकल एमडीएनएसला (घरातली उपकरणं एकमेकांना नावाने शोधतात ती पद्धत) लागतं, त्याला हात लावायचा नाही.

डीएचसीपीची लीज (दिलेला पत्ता वापरायची मुदत) आत्ताच २४ तासांवरून १० मिनिटांवर आणली. उपकरणं लीज अर्धी झाली की नूतनीकरण मागतात, त्यामुळे आज रात्रीपर्यंत सगळ्यांकडे छोटी लीज पोहोचेल आणि रविवारी सकाळी पत्ते बदलले की पाच-दहा मिनिटांत घर नव्या रेंजवर. अडचण एकच, काकांचा प्रिंटर. त्याला हाताने दिलेला पत्ता आहे, आणि तो बदलायला दोन ओळींच्या डिस्प्लेवर बाणांनी एकेक अंक फिरवावा लागतो. कोणी हे केलं असेल तर मेनू कुठे लपलाय ते रविवारच्या आत सांगा.