खुर्च्या मांडायला लवकर या

वाचनगट, समूहगान, पदभ्रमण, नाट्यवाचन, काहीही घ्या. कार्यक्रम दोन तासांचा, पण ओळखी होतात त्याआधीच्या दहा मिनिटांत आणि नंतरच्या अर्ध्या तासात. मधला वेळ सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले. त्यामुळे जो ठोक्याला येतो आणि शेवटची टाळी वाजताच पिशवी उचलतो, तो वर्षभर येऊनही परकाच राहतो. वर म्हणतो, "इथली माणसं जरा तुसडीच आहेत."

उशिरा आलं की कोंडाळी झालेली असतात, आणि कोंडाळ्यात शिरायला भलेभले कचरतात. लवकर आलं तर खोलीत तिघंच असतात, ते आपणहून तुमच्याकडे वळतात. त्यात खुर्च्या मांडायच्या असतील तर सोन्याहून पिवळं. हातांचं काय करायचं हा प्रश्न मिटतो, आणि "किती ओळी लावायच्या?" हे विचारायला धाडस लागत नाही. अशी फुटकळ कामं मागून घ्यावीत. खजिनदारपद मात्र नको. त्याने वर्गणी थकवलेल्यांशीच ओळख वाढते, आणि तेही तुम्हाला चुकवायला लागतात.

उभ्या घोळक्यात शिरायचंच असेल तर आधी डोकी मोजा. चारच्या पुढे गप्पा सहसा फुटून दोन होतात. चौघं रंगात आले असतील तर तिथे जागा नाही. दोघं-तिघं थोडी फट ठेवून उभे असतील तर आहे.

गट निवडताना आवडीइतकंच वेळापत्रक बघा. शंभर जणांच्या एकदिवसीय मेळाव्यापेक्षा दर आठवड्याला भेटणारे बाराजण बरे. चेहरा पुन्हा पुन्हा दिसला की एवढ्यानेही तो आवडू लागतो, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये दाखवलं. संवादाचे अभ्यासक जेफ्री हॉल यांच्या 2018 च्या अभ्यासाप्रमाणे नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तास लागतात, जिवलग मैत्रीला 200 च्या वर. आठवड्याला दोन तास धरले तर पहिला टप्पाच पंचवीस आठवड्यांचा. तिसऱ्या आठवड्यात "इथे काही जमत नाही" म्हणणाऱ्याच्या खात्यात जेमतेम सहा तास असतात!

घाई असेल त्याने गावं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात गाण्याचे, हस्तकलेचे आणि लेखनाचे वर्ग ताडून पाहिले. सात महिन्यांनी तिन्हीकडची जवळीक सारखीच होती, पण गाणाऱ्यांची लवकर जमली. गळा बेताचा असेल तर चालण्याचा गट. वाट अरुंद झाली की जोड्या आपोआप बदलतात, आणि चढावर गप्प राहिलं तरी कुणाला खटकत नाही. बुद्धिबळ या कामी अगदीच कुचकामी.

बोलायचं काय, ही चिंता उगाच मोठी होते. मागच्या आठवड्यात समोरच्याने सांगितलेली एक गोष्ट लक्षात ठेवून "मग त्या परीक्षेचं काय झालं?" असं विचारावं. एवढं करणारेही थोडेच असतात.

जोडीदार शोधायला आलेला माणूस गटाला दुसऱ्याच दिवशी कळतो, कारण तो निवडक लोकांशीच बोलतो. साठीच्या काकूंशीही बोला. जवळच्या मित्रांना जी माणसं माहीत असतात ती बहुतेक तुम्हालाही माहीत असतात. जुजबी ओळखीचा माणूस वेगळ्याच वर्तुळातला असतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये हा मुद्दा मांडला, तो नोकऱ्यांच्या बातम्यांबद्दल. पण काकूंच्या भाचीलाही तो लागू पडतो.

कुणी खरंच आवडलं तर चारचौघांसमोर विचारू नये, आणि परतीच्या गाडीत किंवा डोंगराच्या मध्यावर तर नाहीच. समोरच्याला निघून जाता येईल अशी जागा हवी. वाक्य नेमकं असावं: "रविवारी सकाळी चित्रांचं प्रदर्शन बघायला जातोय, येणार का?" "या रविवारी नाही, पुढच्या चालेल" हे उत्तर म्हणजे होकार. नुसतं "बघू", आणि पर्यायी दिवस नाही, म्हणजे नकार. तो पुन्हा विचारून पक्का करून घेऊ नये. गट चालवणाऱ्याने नवख्यांना विचारूच नये, त्यांना नाही म्हणणं जड जातं. आणि गटाच्या व्हॉट्सॲपवरून नंबर उचलून रात्री अकराला "हाय" पाठवायचं नाही. नंबर हवा तर समोरासमोर मागावा. नकार मिळाला तरी पुढच्या आठवड्यात नेहमीसारखं यावं. अजून पंचवीसेक तास भरायचे असतात.