धप्प

मे महिन्यात कोकणात जाऊ नये, असं मीच गेली काही वर्षं सगळ्यांना सांगत आले आहे. घाम, गर्दी, महामार्गावरची कोंडी, आणि किनाऱ्यावर गाडीची दारं उघडी टाकून गाणी लावणारे लोक. यंदा नवऱ्याला रजा नेमकी तेव्हाच मिळाली, म्हणून गप्प बसून बॅगा भरल्या.

गाव गुहागर तालुक्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेल. दापोलीमार्गे गेलो आणि दाभोळहून गाडीसकट फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलो. पूर्ण प्रवासात लेक तेवढ्या वेळापुरती मोबाइलमधून वर बघत होती. घर जांभ्याचं, कौलारू. मागे विहीर, माड-पोफळीचं आगर, मिरवेली. जाहिरातीत समुद्र पाच मिनिटांवर होता. चालून वीस लागली. एसी असेल असं मी गृहीत धरलं होतं, तोही नव्हता. कोकम सरबताचा पेला हातात देता देता घरमालकीण काकू म्हणाल्या, "रात्री वारा येतो हो मागून, लागतच नाही." मी मनातल्या मनात त्यांना दोन तारे दिले.

पहिल्या रात्री अकराला दिवे गेले, पंखा थांबला. खिडकी उघडून पडले होते. वारा यायचा होता तो आला नाही. आणि त्या शांततेत मागच्या बाजूला आवाज आला. धप्प.

मला आधी चोर वाटला, मग कौलावरून उडी मारलेली मांजर. थोड्या वेळाने पुन्हा धप्प. नवऱ्याला हलवलं तर कूस बदलून म्हणाला, "आंबा असेल. झोप." आंबा पडतो आणि हा माणूस झोप म्हणतो! मी मोजत पडले. पहाटेपर्यंत सतरा. मधे डोळा लागला तेव्हाचे वेगळे.

सकाळी सातला पिशवी घेऊन मागे गेले. विहिरीपलीकडे झाड होतं, दोन माणसांच्या कवेत न मावणारं, वर बघायला गेलं तर मान दुखावी असं. खाली पातेरा, म्हणजे वाळक्या पानांचा थर, आणि पातेऱ्यात वाघळांनी अर्धवट खाऊन टाकलेले चार आंबे. बाकी काही नाही. काकू चूल पेटवत होत्या. म्हणाल्या, "पोरं नेतात वाडीवरची. सातला उठून काय मिळणार तुम्हाला? आणि ते उष्टे हात लावू नका हं, टाकायचे ते."

झाड रायवळ, म्हणजे कलम न करता कोयीपासून वाढलेलं. घरातलं नाव खोबऱ्या. समोरच्या उतारावर त्यांची हापूसची कलमं होती, तिथला कारभार वेगळा. हापूस पडू द्यायचाच नसतो. तो झाडावर तयार झाला, पण पिकला नाही, अशा बेताला झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवायचा आणि मग पिकायला गवताच्या अढीत घालायचा. खाली पडला तर मार लागतो, पेटीत जात नाही, कॅनिंगवाला नेईल त्या भावाने द्यावा लागतो. काकांना रात्री कलमांकडून आवाज आला की जीव खाली-वर होतो. खोबऱ्याकडून आला की ते घोरत राहतात. गंमत म्हणजे हापूसचं प्रत्येक कलम बांधलेलं असतं ते रायवळाच्या रोपावरच. कोय रुजवायची आणि त्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी चढवायची. म्हणजे खालची मुळं ह्या रायवळाच्याच भाऊबंदांची. पण रायवळाची कोय जशी पेरली तशीच वाढू दिली, तर येणारं झाड आईसारखं निघेलच असं नाही. म्हणून गावात जितकी रायवळ झाडं तितक्या चवी, आणि तितकी नावं. एक गेलं की ती चव गेली. काकूंच्या लहानपणी माहेरी एका झाडाच्या आंब्याला शेपूचा वास यायचा म्हणे. ते लाकडासाठी तुटलं.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला उठले. काकूंनी आदल्या रात्रीच काठी देऊन ठेवली होती, आणि बजावलं होतं की चपला नकोत, बूट घाला, पातेऱ्यात फुरसं हा विषारी साप असतो. फुरशाचं नाव ऐकून नवरा येणार नव्हताच. मोबाइलचा टॉर्च लावून एकटीच निघाले.

झाडाखाली दोघं आधीच उभी होती. मुलगा दहा-अकराचा, त्याची बहीण सातेक वर्षांची, फ्रॉकचा ओटा करून. दोघांकडे टॉर्च नाही. मुलगा म्हणाला, "बंद करा ना काकी, उजेडात काय आयकायला नाय येत."

हे वाक्य मला तिथल्या तिथे मूर्खपणाचं वाटलं. बंद केला. आणि खरंच, काळोखात झाड निराळंच झालं. वर कुठेतरी फांदीत सळसळ, मग पानांना आपटत येणारा एक टप-टप आवाज, मग धप्प. मुलगी धप्पच्या आधीच पळाली होती. तिला पानांवरून कळत होतं कुठे येतोय ते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटला की जास्त पडतात, हे मुलाने सांगितलं. पातेऱ्यावरचा आवाज "धप्प", तो चांगला. कातळावरचा "पच्च", तो फुटला, तो गाईला. गोठ्याच्या पत्र्यावरचा सगळ्यात मोठा, पण पत्र्यावरून घरंगळला तर काकूंचा. आणि मुख्य नियम असा की ज्याने आवाज ऐकून आधी "माझा" म्हटलं, आंबा त्याचा. सापडो कुणालाही.

हा नियम मला उशिरा सांगण्यात आला. त्याआधी माझ्या बुटाशी एक येऊन थांबला होता आणि मी उचललाही होता. मुलगी समोर येऊन उभी राहिली. "मी म्हटलं व्हतं माझा." मी म्हटलं, मला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "मग तुमाला आवाज पण आयकायला नाय आला." बरोबरच होतं. वाद तीन-चार मिनिटं चालला. माझं वय एकोणपन्नास, शिक्षण एम.कॉम. आंबा मी दिला नाही.

तो विहिरीच्या काठावर बसून खाल्ला. आधी तळहातात दाबून दाबून मऊ केला, टोकाचा चिकाचा पहिला थेंब पिळून टाकला, आणि तोंडाला लावला. पहाटेचा आंबा गार असतो हे मला माहीत नव्हतं. मी आयुष्यभर आंबा फ्रीजमधून काढूनच गार खाल्लेला. हा दवाने गार होता, वरून ओलसर, आतून आधी गोड आणि कोयीपाशी आंबट. धागे दातांत अडकले ते दुपारपर्यंत. मुलगी पलीकडे उभी राहून, मी शेवटपर्यंत नीट चोखते की नाही, ते बघत होती. बहुधा नीट चोखला नाही. तिने मान फिरवली.

मग वेळणेश्वर झालं, हेदवीचा दशभुज गणपती झाला, आणि भरतीला पाणी उसळतं त्या बामणघळीत नेमके ओहोटीच्या वेळी पोचलो, त्यामुळे पाणी उसळलंच नाही. गुहागरच्या किनाऱ्यावर एका गटाने स्पीकर लावला होता, दहा मिनिटांत परतलो. दुपारी पडवीत काकूंबरोबर रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडले. साली आमसुलांना, त्यांना त्याच्याच रसाची पुटं देत उन्हात वाळवायचं. बोटं दोन दिवस लाल राहिली. तांबट पक्ष्याची टुकटुक चालू होती. आणि हो, दिवसभर तापलेल्या मला पंचांग पाहून कळलं की वैशाख म्हणजे कागदोपत्री अजून वसंतच. ग्रीष्म ज्येष्ठात लागतो. पंचांगकर्त्यांनी पडवीत बसून लिहिलं असणार.

वारा मात्र तिसऱ्या रात्री आला. काकूंचे दोन तारे मी वाढवून चार केले. पाचवा पंख्याचा.

रोज पहाटे उठत राहिले. चौथ्या दिवशी मी आवाज ओळखून योग्य दिशेला पळाले, पण "माझा" म्हणायला विसरले. लेक एकदा येऊन गेली, डास चावतात म्हणून परत गेली.

निघायच्या दिवशी पोरं आलीच नाहीत. मामाकडे लग्न होतं, आदल्या संध्याकाळीच गेली होती, असं काकूंनी सांगितलं. झाडाखाली मी एकटी. टॉर्च लावला तरी कुणी काही म्हणणार नव्हतं. नाही लावला. उजाडेपर्यंत अकरा आंबे जमले, एकही फुटका नाही. नियमाप्रमाणे सगळे माझे. त्यातले तीन विहिरीच्या काठावर, त्या मुलीसाठी म्हणून ठेवले. निम्मे ठेवायला हवे होते हे मला तेव्हाही माहीत होतं.

आठ आंबे फेरीबोटीच्या रांगेत काढले. दाभोळला उतरेपर्यंत सहा संपले होते, गाडीच्या सीटवर रस होता, आणि नवरा एका हाताने डाग पुसत दुसरा हात मागे करून विचारत होता, "अजून आहे का गं एखादा?"