कशेळी ते गुहागर: कातळावरचा हत्ती, थिबा राजा आणि ओडिशाचं कासव

रत्नागिरीला जायचं तर आंब्यासाठी मे महिन्यात, असं सगळे सांगतात. आम्ही मुद्दाम शिमग्याच्या सुमारास गेलो. तेव्हा कासवांची पिल्लं समुद्रात जात असतात, गावोगावी ग्रामदेवतेच्या पालख्या नाचत असतात आणि सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत वाळून कातळ उघडा पडलेला असतो. कशेळीपासून किनाऱ्याने उत्तरेकडे सरकत गेलो. जाऊ तिथे कुठून तरी लांबून आलेल्या कुणाची तरी गोष्ट ऐकायला मिळत गेली.

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे. पायाशी उभं राहिलं की नुसत्या रेघा दिसतात. कडेने फेरी मारली की सोंड, पाठ, पाय उलगडत जातात. मग कळतं की हत्तीच्या पोटातच मासे आणि इतर कितीतरी प्राणी खोदलेले आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांमध्ये गेंडासुद्धा आहे, जो आज इथे कुठेच नाही. कोरणाऱ्यांनी तो कुठे पाहिला असेल? या चित्रांत शेतीची खूण सापडत नाही, म्हणून अभ्यासक ती शिकार करून जगणाऱ्या माणसांची मानतात. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांच्यासारख्या शोधकांनी सडे पायी तुडवून ही शिल्पं शोधली. २०२२ मध्ये त्यांतली काही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्याच यादीतल्या देवाचे गोठणे इथल्या शिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते. होकायंत्र जरूर न्या, मुलांना तर फार मजा येते.

सड्यावर सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावरच जा. तिरप्या उन्हात रेघा उठून दिसतात. भर दुपारी काहीच धड दिसत नाही आणि सावलीला झाड नसतं. पाणी आणि टोपी हवीच. शिल्पावर चढू नका, फोटोसाठी खडूने रेघा गिरवू नका. वाट गावातच विचारा, किंवा कुणाला तरी बरोबर घ्या.

कशेळीतलं कनकादित्य मंदिर चुकवू नका. कोकणात सूर्याची मंदिरं फार थोडी. सौराष्ट्रातून निघालेलं जहाज इथे अडलं आणि व्यापाऱ्याने मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली, असं इथे सांगतात. रथसप्तमीला इथे मोठा उत्सव असतो.

रत्नागिरी शहरात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो थिबा राजवाड्यात. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, हा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला गादीवरून काढलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला. स्वतःच्या वाड्यात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादुरशहा जफर ब्रह्मदेशातल्या रंगूनला नेऊन ठेवला होता, तर ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीला. वरच्या मजल्यावरून खाडी आणि समुद्र दिसतो, आणि आपला देश पुन्हा कधीच न दिसलेल्या त्या माणसाची आठवण होऊन गलबलायला होतं. त्याची थोरली मुलगी रत्नागिरीकरांतच राहिली. तिची मुलगी टूटू इथेच लहानाची मोठी झाली, इथेच तिचा संसार झाला. राजाची समाधी राजवाड्यापासून वेगळ्या जागी, वस्तीत आहे. रिक्षावाल्याला ‘थिबा राजाची समाधी’ सांगितलं की पुरतं. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष तिथे येऊन गेले. राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं.

पुढे गणपतीपुळे, मालगुंड करत जयगड. तिथून फेरीबोटीत गाडी घालून तवसाळला उतरायचं आणि हेदवी, वेळणेश्वरवरून गुहागर. रस्त्याने गेलं तर फार मोठा वळसा पडतो. शेवटची बोट कितीची, हे आधी विचारून ठेवा.

गुहागरला आम्ही कासवांसाठी गेलो होतो. २०२१ मध्ये ओडिशात क्रमांकाची पट्टी लावलेली ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची एक मादी २०२५ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. म्हणजे बंगालच्या उपसागरातून लंका ओलांडून ती इथवर पोहत आली! पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगळी, असं तोवर मानलं जायचं.

पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, पण घरटं कधी फुटेल हे कुणाच्या हातात नसतं. म्हणून दोन मुक्काम तरी ठेवा. कासवमित्रांनी आखलेल्या दोरीच्या बाहेर उभे राहा. फ्लॅश आणि विजेरी बंद. उजेडाने पिल्लं दिशा चुकतात. शिमग्यात मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात, त्यामुळे रेल्वेचं आरक्षण आणि घरगुती खोल्या दोन्ही लवकर भरतात. खोली ठरवतानाच जेवणाचंही सांगून ठेवा, म्हणजे ताजी सोलकढी आणि घावणे मिळतील.