तो २५ आकडा मी कुठून आणला

८ मार्च २०२२, मंगळवार. मी तेव्हा डेन्व्हरमधल्या एका स्पोर्ट्स रेडिओसाठी आकडेमोडीचं काम करायचो, म्हणजे शोमध्ये बोलणारे बोलणार आणि त्यांच्या समोर जो कागद असतो तो मी बनवणार. सकाळीच बातमी आली की अमेरिकन फुटबॉलचा स्टार क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स त्याच्या ग्रीन बे टीममध्येच राहतोय आणि सगळ्यांची तोंडं पडली, कारण अर्ध्या गावाने तो आपल्याकडे येणार असं धरूनच ठेवलं होतं. आणि मग काही तासांत सगळे फोन एकदम वाजायला लागले. रसेल विल्सन, तोही मोठा क्वार्टरबॅक! सिॲटलहून ब्राँकोजकडे, म्हणजे आमच्या डेन्व्हरच्या टीमकडे!

ज्यांना अमेरिकन फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे आयपीएलसारखा लिलाव नसतो. कॉलेजमधून येणारी पोरं टीम्स आळीपाळीने उचलतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात, सात राउंड, आणि साधारणपणे मागच्या सीझनला जो सगळ्यात वाईट हरला त्याचा नंबर पहिला. या नंबराला पिक म्हणतात. पिक दुसऱ्या टीमला देऊन टाकता येतो, अगदी पुढच्या वर्षीचासुद्धा, जो नक्की कितवा येणार हे कुणालाच माहीत नसतं. उभा ऊस विकण्यासारखंच आहे ते, उतारा काय पडेल ते नंतर कळणार. आणि क्वार्टरबॅक म्हणजे जवळपास प्रत्येक चालीत बॉल ज्याच्या हातात येतो तो, तो धड नसेल तर बाकीचे दहा कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

डेन्व्हरची भूक काय होती ते सांगतो. आमचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग फेब्रुवारी २०१६ मध्ये सुपरबोल म्हणजे फायनल जिंकून रिटायर झाला आणि त्यानंतर क्वार्टरबॅक नुसते येत होते आणि जात होते. २९ नोव्हेंबर २०२० ला तर आमचे सगळे क्वार्टरबॅक कोविडच्या नियमांमुळे बाहेर बसले आणि केंडल हिंटन नावाच्या राखीव रिसीव्हरला, म्हणजे ज्याचं काम बॉल पकडायचं त्याला, न्यू ऑर्लिन्सविरुद्ध क्वार्टरबॅक म्हणून उभं करावं लागलं. ९ थ्रो टाकले पोराने, त्यातला १ आपल्या माणसाने पकडला आणि २ समोरच्यांनी. ३१-३ हरलो. त्या मॅचचा तक्ता मीच टाइप केला होता, ९ च्या पुढे १ लिहिताना पोटात तुटलं होतं, तो बिचारा तरी काय करणार. असं ज्यांनी पाहिलंय त्यांना विल्सन मिळाल्यावर काय वाटलं असेल याचा विचार करा, शिवाय २०१४ च्या सुपरबोलमध्ये याच विल्सनच्या सिॲटलने आम्हाला ४३-८ नी धुतलेलं.

प्रोड्युसर माझ्या टेबलापाशी आली, म्हणाली ४० मिनिटं आहेत, महाग पडला का स्वस्त ते सांग.

दिलं होतं बरंच. २०२२ आणि २०२३ दोन्हीचा पहिल्या राउंडचा पिक, दोन्हीचा दुसऱ्या राउंडचा, एक पाचव्याचा, वर ड्रू लॉक, नोआ फँट आणि शेल्बी हॅरिस असे तीन खेळाडू. बदल्यात विल्सन आणि एक चौथ्या राउंडचा पिक. मी पिकांची किंमत पॉइंटात सांगणारा जिमी जॉन्सनचा तक्ता उघडला, नव्वदीच्या सुरुवातीला तो कोच असताना डॅलसच्या लोकांनी बनवलेला, त्यात पहिल्या नंबराला ३००० पॉइंट आणि मग उतरत जातं. तक्ता जुना आहे, तेव्हा नवीन पोरांच्या पगारावर आजच्यासारखी मर्यादा नव्हती, २०११ पासून त्यांचे पगार जवळपास ठरलेले असतात त्यामुळे खालचे पिक या तक्त्यात दिसतात त्यापेक्षा जास्त मोलाचे आहेत असं माझं मत आहे, पण शो ऐकणाऱ्यांना हाच तक्ता ओळखीचा म्हणून हाच घेतला.

२०२२ चे दोन ठरलेले होते, ९ वा म्हणजे १३५०, ४० वा म्हणजे ५००. पुढच्या वर्षीच्या खान्यात मी २५ टाकला, ७२०. दुसऱ्या राउंडचा त्याच हिशोबाने ५७ वा, ३३०. बेरीज २९००. म्हणजे ड्राफ्टच्या पहिल्या नंबरापेक्षाही कमी, आणि पहिल्या नंबराला तुम्हाला फक्त एक पोरगा मिळतो जो चालेल की नाही देव जाणे, इथे तर 'प्रो बोल' या निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी नऊ वेळा निवडला गेलेला तयार माणूस! शिवाय तीनच आठवड्यांपूर्वी लॉस एंजेलिसच्या रॅम्सने असाच पिक देऊन आणलेल्या क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डच्या जोरावर सुपरबोल जिंकलेला. कागदावर मी लिहिलं, किंमत रास्त.

शेजारी एक वयस्कर सहकारी बसायचा, डेन्व्हरमध्येच वाढलेला, मॅनिंगच्याही आधीपासून ही टीम बघत आलेला. त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हा २५ कुठून आणलास?"

"विल्सन आल्यावर दहा-अकरा मॅच तरी जिंकूच ना आपण, मग पिक मागेच जाणार."

"म्हणजे तो चांगला खेळणार हे तू आधीच धरलंस. आणि त्यावरून सांगतोयस की तो परवडतो."

माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि सात मिनिटं उरली होती. कागद गेला.

पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. १ सप्टेंबरला, डेन्व्हरसाठी एकही मॅच खेळण्याआधी, त्याला ५ वर्षांचा सुमारे २४.५ कोटी डॉलरचा नवीन करार दिला. सीझनला ५ जिंकल्या, १२ हरल्या. ख्रिसमसला रॅम्सकडून ५१-१४ मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी कोचला काढलं. मार्च २०२४ मध्ये विल्सनलाही सोडलं, आणि न खेळणाऱ्या माणसापायी ८.५ कोटी डॉलर दोन वर्षांत मिळून टीमने सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्चायच्या पगाराच्या मर्यादेतून वजा झाले, एनएफएलमध्ये, म्हणजे या लीगमध्ये, तोवर एवढा मोठा फटका कुणाला बसला नव्हता. आणि पैशांचा खाना माझ्या त्या कागदावर नव्हताच! पहिल्या राउंडचा पोरगा म्हणजे चार वर्षं ठरलेल्या स्वस्त पगारात, पाचवं टीमच्या मर्जीवर. डेन्व्हरने नुसते नंबर दिले नव्हते, ती स्वस्त वर्षं दिली होती, आणि तेहतिशीतल्या माणसाची महाग वर्षं घेतली होती.

तरीही हा सौदा मूर्खपणाचा होता असं मी आजही म्हणणार नाही. हिंटनची मॅच पाहिलेल्या कुणीही हात पुढे केला असता. फक्त अशा सौद्याची किंमत एका आकड्यात सांगता येत नाही. तो चालला तर पिक मागे जातो आणि सौदा स्वस्त पडतो, तो पडला तर पिक पुढे येतो आणि तोच सौदा महाग होतो, म्हणजे ज्या वर्षी तुम्हाला तो पिक सगळ्यात जास्त हवा असतो नेमका त्याच वर्षी तो दुसऱ्याच्या घरी असतो. आता मी कागदावर दोन ओळी देतो, चालला तर आणि पडला तर. प्रोड्युसर अजून म्हणते एकच आकडा दे. देत नाही.

२७ एप्रिल २०२३ ला ड्राफ्टच्या रात्री मी ऑफिसातच होतो. आमचा पिक पाचवा आला होता. सिॲटलने त्यावर डेव्हॉन विदरस्पून घेतला, कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या रिसीव्हरला अडवणारा, पहिल्याच सीझनला प्रो बोलसाठी निवडला गेला तो. मी जुनी फाइल उघडली, २५ खोडून ५ टाकला, ७२० चे १७०० झाले. दुसऱ्या राउंडचा ३७ वा आला होता, ३३० चे ५३०. खाली बेरीज ४०८०.

सहकारी जॅकेट घालून निघाला होता, तो थांबून बघत राहिला. काही बोलला नाही, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. मीही निघू शकलो असतो, पण २५ वा नंबर येईपर्यंत बसलो. बफेलोने दोन जागा वर येऊन तो घेतला, डाल्टन किंकेड, टाइट एंड. मग कॉम्प्युटर बंद केला.