आमची वाटचाल : शॉकअपच्या पाइपवरचा तेलाचा ओघळ

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटे वर्कशॉप आहे. वडिलांनी ते सुरू केले तेव्हा तेथे सर्व प्रकारच्या दुचाकींची दुरुस्ती होत असे. आज आम्ही फक्त शॉकअपचे, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या भागाचे, काम करतो, आणि त्यातही आमचा बहुतेक वेळ डर्ट बाइकच्या, म्हणजे मातीच्या वाटांवर चालवायच्या गाड्यांच्या, पुढच्या शॉकअपमधून होणारी तेलाची गळती थांबवण्यात जातो. एवढ्या एका कामावर वर्कशॉप कसे चालते, असे पुष्कळ जण विचारतात. ते कसे चालू लागले, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या भागात मातीतून गाडी चालवण्याची हौस जुनी आहे. पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी या बाजूंना जांभ्याचे सडे आणि लाल मातीच्या वाटा आहेत, आणि पावसाळ्यात त्यांवरून जाणाऱ्यांची संख्या कमी होत नाही, उलट वाढते. पूर्वी लोक आरएक्स १०० सारख्या टू स्ट्रोक गाड्यांना गुट्ट्यांचे टायर चढवून त्यावरच भागवत. २०११ मध्ये हिरोची इम्पल्स आली, २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली आणि २०१९ मध्ये हिरोचीच एक्सपल्स २०० आली. एक्सपल्सच्या पुढच्या शॉकअपचा पाइप ३७ मिलिमीटरचा असून त्याची चाल, म्हणजे तो जितका आत-बाहेर होतो ते अंतर, १९० मिलिमीटर आहे. हिमालयनमध्ये हेच आकडे ४१ आणि २०० असे होते. रोजच्या वापराच्या गाडीपेक्षा ही चाल पुष्कळच जास्त आहे. चाल जितकी जास्त, तितका पाइपचा अधिक भाग दर खड्ड्यागणिक सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यातून, आत-बाहेर होतो, आणि त्या भागावर चिखल बसलेला असेल तर तोही सीलच्या ओठापर्यंत, म्हणजे पाइपला टेकणाऱ्या पातळ कडेपर्यंत, पोहोचतो. आमच्याकडे येणाऱ्या कामाचे स्वरूप या गाड्यांमुळे पालटले.

सुरुवातीची काही वर्षे आम्ही इतरांप्रमाणेच काम केले. गाडी आली, पाइपवर तेलाचा ओघळ दिसला की शॉकअप उतरवायचा, सर्क्लिप (सील जागेवर धरणारी तारेची कडी) काढायची, जुने सील उपसायचे, नवे ठोकायचे, तेल भरायचे आणि गाडी द्यायची. काम दीड-दोन तासांत होई आणि ग्राहक समाधानाने जाई. मात्र त्यातील काही गाड्या पंधरा-वीस दिवसांत परत येत, त्याच बाजूने आणि तशाच गळत. आम्ही सीलला दोष देत असू, पुरवठादार बदलत असू, पुन्हा नवे सील बसवत असू. एका ग्राहकाची गाडी तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा तो काहीही न बोलता चावी टेबलावर ठेवून निघून गेला. त्या दिवशी मला फार वाईट वाटले.

तोच पाइप घेऊन मी दोन गल्ल्या सोडून असलेल्या एका वयस्कर लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, पाइप हातात घेतला आणि अंगठ्याचे नख वरून खाली हळूहळू फिरवत आणले. एका जागी नख अडकले. मला तेथे काहीच दिसत नव्हते. त्यांनी पाइप उजेडाकडे तिरपा धरला, तेव्हा खसखशीच्या दाण्याएवढा एक खड्डा दिसला. कडेचे क्रोम किंचित उचलले गेले होते आणि आत तांबूस गंज होता. उडालेल्या खडीचा तो घाव असावा. गाडी उभी असताना तो खड्डा डस्ट सीलच्या, म्हणजे धूळ अडवणाऱ्या बाहेरच्या सीलच्या, जेमतेम वर राही आणि चाक दबले की तीच धार सीलच्या ओठावरून घासत जाई. आम्ही बसवलेली तिन्ही सीले त्या एका खड्ड्याने कापली होती. काका एवढेच म्हणाले, "सील कापलंय म्हणून बदलतोस, पण कापतंय कोण ते बघितलंस का?"

त्या दिवसापासून आम्ही कामाचा क्रम उलटा केला. आधी कारण शोधायचे, सील बदलायचे ते त्यानंतर. वर्कशॉपच्या नोंदवहीत 'कारण' असा एक रकाना वाढवला आणि तो कोरा असेल तर नवे सील पाकिटातून काढायचे नाही, हा नियम केला.

कारणे फार नाहीत, पण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. सर्वांत साधे कारण म्हणजे सीलच्या ओठाखाली अडकलेली माती. अशा वेळी डस्ट सील वर सरकवून, जुन्या एक्सरेच्या फिल्मची एका टोकाला आकडा कापलेली पातळ पट्टी सीलच्या ओठाखाली घालून पाइपभोवती फिरवली की बारीक रेती तेलासोबत बाहेर येते. ओठ शाबूत असेल तर गळती तेवढ्यानेच थांबते. यावरून आमचे ग्राहकांशी वादही झाले, कारण काहीच बदलले नाही तर पैसे कसले, असे त्यांना वाटे. सील बदलून जास्त बिल करणे आम्हाला सोपे होते, हे मी लपवत नाही. परंतु चांगले सील उपसून फेकणे मला पटले नाही, आणि आजही आम्ही अशा कामाचे फक्त साफसफाईचे पैसे घेतो.

दुसरे कारण तेलाची पातळी. शॉकअपमध्ये तेलाच्या वर मोकळी हवा असते आणि चाक दबले की ती आवळली जाऊन स्प्रिंगच्या जोडीने काम करते. तेल जास्त भरले तर हवेची जागा कमी उरते, दाब फार लवकर वाढतो आणि तो सीलवर येतो. म्हणून तेल केवळ मापाच्या भांड्याने भरून आम्ही थांबत नाही. स्प्रिंग काढून, शॉकअप पूर्ण दाबून, पाइपच्या वरच्या कडेपासून तेल किती मिलिमीटर खाली आहे ते मोजतो आणि कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्याशी दोन्ही बाजू जुळवून घेतो. गाडी टेम्पोतून नेताना पुढचा भाग पट्ट्याने घट्ट आवळून तासन् तास दाबून ठेवला जातो, तेव्हाही सीलवर असाच ताण येतो. त्यासाठी चाक आणि टी (दोन्ही शॉकअप वर जोडून धरणारा भाग) यांच्या मध्ये लाकडी ठोकळा ठेवावा, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

तिसरे कारण वाकलेला पाइप. गाडी जोरात आपटली असेल तर पाइप व्ही ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर, ठेवून फिरवतो आणि वाक मोजणारे डायल गेज लावतो. गेजवर दिसणारा आकडा प्रत्यक्ष वाकाच्या दुप्पट असतो, हे शिकाऊ मुलांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. बुश (पाइपला आधार देणारी कडी) झिजले असतील तर पाइप सरळ असूनही डुगडुगतो आणि सील एका बाजूने उघडते. तेथे नुसते सील बदलणे म्हणजे ग्राहकाला पुन्हा बोलावणे आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या वस्त्यांतून गाड्या येऊ लागल्या, त्यांत डर्ट बाइकपेक्षा साध्या गाड्याच अधिक होत्या. शॉकअप उघडला की दुधाळ चहासारखे तेल बाहेर येई आणि तळाशी गाळ बसलेला असे. पाइपवर मात्र एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसली : जेथे डस्ट सीलच्या ओठापाशी ओला गाळ अडकून राहिला होता, तेथेच गंजाची बारीक कडी धरली होती. लोकांचे घरदार वाहून गेलेले असताना मजुरी मागवत नव्हती; त्या दोन महिन्यांत आम्ही फक्त तेल आणि सील यांचे पैसे घेतले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसाच पूर आला. डस्ट सीलखालची जागा दर पावसाळ्यात उघडून पुसावी आणि कोरडी करावी, हा आग्रह आम्ही तेव्हापासून धरला.

खड्डा लहान असेल तर त्याच्या उचललेल्या कडा बारीक ऑइल स्टोनने सपाट करून, आत एपॉक्सी भरून, वाळल्यावर पंधराशे नंबरच्या पॉलिश पेपरने पाइपच्या बरोबरीला आणतो. गंज पसरला असेल तर पाइप हार्ड क्रोमसाठी पाठवतो. तेथे जुने क्रोम उतरवून, नवे चढवून, मूळ मापाला ग्राइंडिंग करतात. उद्यमनगरात आणि शिरोली एमआयडीसीत अशी कामे करणारे जाणते कारागीर आहेत, म्हणूनच आमचे वर्कशॉप येथे टिकले, असे मी मानतो.

आमच्या हातूनही एक मोठी चूक झाली. एका अपसाइड डाउन, म्हणजे बाहेरची जाड नळी वर आणि पाइप खाली असलेल्या, शॉकअपमधील घट्ट बसलेले सील काढताना पेचकस घसरला आणि सीलच्या बैठकीवर ओरखडा उठला. नवे सील बसवले, पाइप निर्दोष होता, तरी तेल सीलच्या बाहेरच्या अंगाने झिरपत राहिले. अशा शॉकअपमध्ये सील खालच्या टोकाला असते, त्यामुळे तेल थेट कॅलिपर आणि ब्रेक पॅडवर उतरते, आणि तेल प्यालेला पॅड उतारावर धरत नाही. सुदैवाने तो तरुण घाटात जाण्यापूर्वीच आम्ही त्याला फोन करून थांबवले. बाहेरची नळी आणि पॅड आमच्या खर्चाने नवे घातले. तेव्हापासून पेचकस सीलजवळ न्यायचाच नाही. सर्क्लिप काढून पाइप झटक्याने ओढायचा, म्हणजे बुशच सील बाहेर ढकलून आणतो. नवे सील चढवताना पाइपच्या तोंडावर तेल लावलेली पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालतो, जेणेकरून ओठ कडेवर कापला जाणार नाही.

गाडी त्याच दिवशी मिळावी अशी घाई अनेकांना असते, पण आम्ही ती रात्रभर ठेवून घेतो. संध्याकाळी शॉकअप पंचवीस वेळा पूर्ण दाबायचा, पाइप कोरडा पुसायचा आणि सीलच्या वर, अपसाइड डाउन असेल तर खाली, पांढऱ्या टिश्यूची पट्टी गुंडाळायची. सकाळी तिच्यावर डाग नसेल तरच चावी द्यायची.

अलीकडे रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडी आणि बेळगावहून एसटीच्या पार्सलने नुसते शॉकअप येऊ लागले आहेत. गाडी समोर नसताना कारण शोधणे अवघड जाते. त्यामुळे पाठवणाऱ्यांना आमची एक विनंती असते : शॉकअप धुऊन, चकचकीत करून पाठवू नका. जसा उतरवला तसाच, चिखलासकट कागदात गुंडाळून पाठवा, आणि डावा कोणता, उजवा कोणता, ते चिकटपट्टीवर लिहा.